मदत हवी आहे: शाळेच्या घसरगुंडीखाली कमी खर्चात काय घालावं?

नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषदेची शाळा कोकणात आहे. घसरगुंडी आणि झोपाळ्याखाली उघडा जांभा आहे. गुडघे फुटतात ते भरून येतात, पण डोकं आपटण्याची फार धास्ती वाटते. शाळा व्यवस्थापन समितीकडे लोकवर्गणीचे साधारण 60,000 रुपये आहेत. रबरी टाइल्स त्यात बसत नाहीत, शिवाय उन्हात अनवाणी पायांना चटके बसतात. म्हणून चिऱ्यांची कड बांधून आत 30 सेंटिमीटर धुतलेली वाळू भरायचा विचार आहे. कबड्डी-खोखोचं मैदान मात्र मातीचंच राहणार.

पावसाळ्यात वाळू वाहून जाते का? खाली खडी घालून चर काढला तर निचरा होईल का? वाळूत मांजरं-कुत्री घाण करतात, त्यावर उपाय काय? कुणी नारळाचा काथ्या वापरून पाहिलाय का?