मुंडगोडच्या तिबेटी कॅम्पात नवीन माणसं, आधी काय शिकवू?

बेळगावहून दोघं सोमवारी रुजू होतायत. मराठी-कन्नड येतं, तिबेटी नाही. सुरुवात कुठून करू?

> नावापासून. तेन्झिन, डोल्मा ही आडनावं नव्हेत. बाप-लेकाचं नाव जुळेलच असं नाही. आडनावाचा रकाना उगाच भरला की आरसी, म्हणजे तिबेटी निर्वासितांचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि बँक खातं जुळत नाही. आरसीवरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवा. मूळ आरसी ठेवून घ्यायची नाही, झेरॉक्स पुरे.

> आरसीच्या मुदतीची वही घाला की ओ, दोन महिने आधी आठवण. परदेशी स्वयंसेवकाला नुसता व्हिसा पुरत नाही. गृहखात्याचा संरक्षित क्षेत्र परवाना हातात आल्यावरच मुक्काम.

> दुभाषी म्हणून घरातलं पोर बसवू नका, दवाखान्यात तर नाहीच. पत्त्यात कॅम्प नंबर हवाच. वसाहत १९६६ पासूनची, नुसत्या ‘मुंडगोड’वर कोण शोधणार?