शॉपस्मिथ ड्रिलसाठी उभं करताना वजन झेपत नाही, लिफ्ट-असिस्ट घरीच बसवता येईल का?

रंधा_पटाशी (सिडको, नाशिक)

नमस्कार मंडळी. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचं शॉपस्मिथ मार्क फाइव्ह आहे. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एकाच मोटरवर टेबल सॉ, लेथ, डिस्क सँडर, आडवं बोरिंग आणि उभं ड्रिल अशी पाच कामं करणारं अमेरिकन मशीन आहे, मामा ओहायोला होते ते कायमचे परत आले तेव्हा सामानाबरोबर घेऊन आले आणि वडिलांना देऊन टाकलं. वडील सातपूरला पॅटर्नमेकर होते, फाउंड्रीत ओतकामाला लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने करायचे, आता 67 वय आहे पण रोज सकाळी चहा झाला की शेडमध्ये जाणार म्हणजे जाणार.

अडचण ड्रिलची आहे. ड्रिल म्हणून वापरायचं तर ते दोन लांब पाइप, त्यावरचा मोटरसकट हेडस्टॉक, टेबलाचं कॅरेज, सगळं एका टोकाच्या बिजागरीवर आडव्याचं उभं करावं लागतं, पूर्ण 90 अंश. गेल्या महिन्यात वडील एकटेच उचलत होते आणि अर्ध्यावर असताना कमरेत उसण भरली. वर नेता येईना, खाली सोडता येईना, आईने पळत येऊन खाली स्टूल सरकवलं म्हणून निभावलं. चार दिवस अंथरुणात होते. तेव्हापासून मी ऑफिसातून येईपर्यंत ड्रिलचं काम थांबलेलं असतं आणि ते त्यांना फार लागतं हे मला दिसतं.

कंपनीचं स्वतःचं लिफ्ट-असिस्ट, म्हणजे उचलायला मदत करणारं जोडसामान, मिळतं हे माहीत आहे, पण तिकडून मागवायचं म्हणजे पार्सल आणि कस्टम धरून महाग पडतंय. इथेच गाडीच्या डिकीचे गॅस शॉकअप लावून काही होईल का? किती ताकदीचे घ्यायचे, कुठे बसवायचे? पाइपांना भोक पाडायचं नाही, हेडस्टॉक त्यावरच सरकतो.

टूलरूम_सातपूर

होईल, नक्की होईल, पण शॉकअप विकत घ्यायच्या आधी वजन करा. अंदाजाने घेतलेला पंप (शॉकअपलाच आम्ही पंप म्हणतो) एकतर उचलत नाही नाहीतर मशीन फेकतो. लटकवायचा डिजिटल काटा आणा, हेडस्टॉक आणि कॅरेज नेहमी जिथे लॉक करून उचलता तिथेच लॉक करा, आणि पाइपांच्या मोकळ्या टोकाला हुक अडकवून वर ओढा, टोक जेमतेम उचललं की काटा किती दाखवतो ते बघा. बिजागरीपासून हुकापर्यंतचं अंतरही मोजा. हे दोन आकडे इथे टाका, बाकीचं मी काढून देतो.

कुठे बसवायचा ते आत्ताच सांगतो कारण खरी गंमत तिथे आहे. पंपाचं खालचं टोक बिजागरीच्या बरोबर खाली, ओळंब्यात, पायावर घ्या. समजा ते 40 सेमी खाली आहे आणि वरचं टोक पाइपावर बिजागरीपासून 30 सेमीवर, तर पाइप आडवे असताना पंपाची लांबी 50 होते आणि उभे झाले की 70. पाइप उभे होतात तसं वजन हलकं लागत जातं हे तुम्ही हाताने अनुभवलंच असेल, पंप ओळंब्यात लावला की त्याची उचलही जवळजवळ त्याच चालीने कमी होते आणि पूर्ण उभं झाल्यावर शून्य होते. म्हणजे वर गेल्यावर मशीनला पलीकडे ढकलत नाही. खालचं टोक बाजूला घेतलंत तर हे गणित बिघडतं.

प्लायवाला_भद्रकाली

टूलरूम दादा बरोबर सांगताहेत. आम्ही हायड्रॉलिक बेड रोज करतो त्यामुळे पंपाचा अनुभव आहे. पंपावर आकडा आणि पुढे एन लिहिलेलं असतं, म्हणजे न्यूटन, ढोबळ मानाने 10 ने भागलं की किलो. बेडचे पंप 1000 च्या आसपास पण येतात, ते तुमच्या कामाला जास्त होतील, गादी टाकायच्या आधी रिकामी फळी उघडली तर कशी उसळते ते मी बघितलंय, एका पोराच्या हनुवटीला लागलं होतं. तेच तुमच्याकडे होऊ शकतं. कधी हेडस्टॉक काढून दुरुस्तीला न्यावा लागला तर रिकाम्या पाइपांना वजनच राहणार नाही आणि लॉक सोडलं की पाइप फाडकन वर येतील. हेडस्टॉक काढायच्या आधी पंप काढायचे, हे वडिलांना सांगून ठेवा, मी तर म्हणतो तिथे खडूने लिहून ठेवा.

अजून एक, शक्यतो दांडी खाली आणि जाड नळी वर अशी बसवा, आतलं तेल सीलवर राहतं आणि पंप जास्त टिकतो. आणि कोणी कितीही म्हणालं तरी पंपाला वेल्डिंग करायचं नाही, कापायचा नाही, आत दाबाखाली नायट्रोजन असतो. जुना घ्यायचा तर दांडीवर ओरखडा नको, तेल पाझरलेलं नको.

इंदिरानगर_हॉबी

भाऊ एवढं सगळं करण्यापेक्षा एक साधं बेंच ड्रिल घेऊन टाका ना, शेडमध्ये कोपऱ्यात राहील आणि शॉपस्मिथ कायम आडवंच ठेवा. वडिलांची कमर महत्त्वाची. किंवा हेडस्टॉक बिजागरीकडे सरकवून मग उचला, फुकटात वजन कमी होतं.

रंधा_पटाशी (सिडको, नाशिक)

@इंदिरानगर_हॉबी, बेंच ड्रिलचा विचार केला होता, शेड आठ बाय दहाची आहे आणि अर्ध्या भागात सागाच्या फळ्या रचलेल्या आहेत, जागाच नाही. शिवाय या मशीनचा हात वडिलांना बसलाय, स्पीडचा डायल न बघता फिरवतात. हेडस्टॉक सरकवून उचलायचं ते करतातच, पण मग उभं झाल्यावर हेडस्टॉक तळाला राहतो आणि लॉक सोडून तो वजनदार धोंडा हाताने वर ढकलावा लागतो, कमरेला तेही तेवढंच.

@टूलरूम_सातपूर, काटा आणला. कामाच्या जागी हेडस्टॉक लॉक करून टोकाला 22 किलो दाखवतोय, तीनदा बघितलं. अंतर 120 सेमी. पण 30 सेमीवर पंपाचं वरचं टोक धरणारा क्लॅम्प लावला तर तिथून पुढे कॅरेज सरकत नाही, लेथवर लांब पाय करताना ती जागा लागते. 15 सेमीपर्यंत चालेल.

टूलरूम_सातपूर

मस्त, आकडे असले की बोलायला बरं. 22 गुणिले 120 म्हणजे 2640 किलो-सेमी, एवढा बिजागरीभोवती वजनाचा जोर. आता क्लॅम्प 15 वर आणि खालचं टोक 36 खाली घेऊ, आडव्यात लांबी बरोबर 39 येते, उभ्यात 51. बिजागरीपासून पंपाच्या रेषेचं लंब अंतर निघतं साधारण 13.8 सेमी. 500 न्यूटनचे दोन पंप, प्रत्येक बाजूला एक, मिळून अंदाजे 100 किलो, गुणिले 13.8 म्हणजे 1380. ते 120 ने भागा, टोकाला 11.5 किलोची मदत. हाताला राहिले साडेदहा. क्लॅम्प जवळ आला म्हणून पंप दणकट लागला, एवढाच फरक.

याच्यापेक्षा जास्त मदत घेऊ नका. पूर्ण वजन पंपांवर टाकलं तर खाली आणताना त्यालाच दाबत बसावं लागेल, आणि थोडं वजन हातात राहिलं की माणूस हात सोडत नाही, ते बरंच आहे. पंप पूर्ण उघडल्यावर 52 किंवा थोडा जास्त असू द्या, 51 लाच संपला तर शेवटी मशीन त्याच्यावर ठेचेल, आणि बंद होऊन 39 च्या खाली जायला हवा. क्लॅम्पला 6 मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, आतून रबर, बोल्टला नायलॉक नट, म्हणजे आपोआप ढिला न होणारा. पायाला दोन पट्ट्यांच्या मध्ये सँडविच करा. एकच पंप एका बाजूला लावू नका, पाइप पिळतात.

वायरमन_पंचवटी

विषय वेगळा आहे पण राहवत नाही. अमेरिकन मशीन म्हणजे मोटर सेकंदाला 60 सायकलच्या विजेची, आपल्याकडे 50, त्यामुळे स्पीड सहाव्या हिश्श्याने कमी मिळणार हे ठीक, पण 110 च्या ट्रान्सफॉर्मरवर चालवत असाल तर मोटर जास्त तापते. ट्रान्सफॉर्मरला 100 व्होल्ट किंवा त्याच्या जरा खालचा टॅप (वायर जोडायची जागा) असेल तर त्यावर घ्या, सायकल कमी तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी हवं. एकदा मोटरला हात लावून बघा.

रंधा_पटाशी (सिडको, नाशिक)

वायरमन दादा, मोटर खरंच तापत होती, अर्ध्या तासानंतर हात ठेववत नव्हता. 100 चा टॅप होता, त्यावर घेतली, आता बरी आहे. खूप आभार.

आता मुख्य. पंप 500 चे नवीनच घेतले, जुने दोन बघितले पण दोन्हींच्या दांडीवर तेल होतं. क्लॅम्प अंबडला एका ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला, बाकी सगळं वडिलांनी स्वतः आखलं, आधी पुठ्ठ्यावर 15, 36, 39 चा त्रिकोण पूर्ण मापात काढला, मग जाड दोरा लावून उभं-आडवं करून बघितलं आणि मगच पट्टीला सेंटर पंच मारला. मला म्हणाले पॅटर्न नीट असला की ओतकामाची काळजी नसते.

पहिल्यांदा उचलताना मी टोकाला आणि खाली बाज लावून ठेवली होती. चाकं उचलून मशीन पायांवर घेतलं, हेडस्टॉक आणि कॅरेजची लॉकं दोनदा तपासली, मग सोडलं. काट्यावर 11 किलो. वर जाताना कुठेही झटका नाही, शेवटचा हातभर तर नुसता बोट लावून जातोय आणि उभं झाल्यावर शांत उभं राहतं, पलीकडे ओढत नाही. खाली आणताना मात्र सुरुवातीला थोडं ओढून घ्यावं लागतं, नंतर वजन हातात येतं.

एक चूक झाली ती पण सांगतो, डावा क्लॅम्प तीन-चार वेळा उचलल्यावर पाइपावर दोन मिमी सरकला होता, रबर फार जाड घेतलं होतं. सायकलच्या ट्यूबचा एकेरी तुकडा घातला, आता पाइपावर पेन्सिलची खूण करून ठेवली आहे आणि रोज सकाळी वडील आधी ती खूण बघतात. भद्रकालीवाले भाऊ, हेडस्टॉकवर पांढऱ्या रंगाने लिहिलंय, "आधी पंप काढा". फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, आज ते संध्याकाळी उशिरापर्यंत चौरंगाच्या पायांना भोकं पाडत बसले होते.