बाळंतिणीपासून बाळ तोडलं, ते चुकलंच

शिवडीची_धाकटी :
मे २०२०. माझ्या जावेला कळा सुरू झाल्या तेव्हा ना ताप, ना खोकला. जिथे नाव घातलं होतं त्या नर्सिंग होमने "आधी कोविडचा रिपोर्ट आणा" म्हणून दारातूनच परत पाठवलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह. शेवटी जिथे सोय झाली तिथे बाळ जन्मल्याजन्मल्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. अकरा दिवस तिने लेकराला व्हॉट्सॲपवर पाहिलं. बाळाची टेस्ट निगेटिव्ह! छाती दाटायची, पिळलेलं दूध मोरीत जायचं. घरी आली तर बाळ अंगावर धरेचना, बाटलीची सवय लागलेली. सासूबाईंनी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं केलं, पण दूध आटलं ते आटलंच.
राग याचा येतो, की जागतिक आरोग्य संघटना मार्च २०२० पासून सांगत होती : आईने मास्क लावावा, हात धुवावेत, बाळ जवळ घ्यावं, अंगावर पाजावं. ही काळजी नव्हती, कातडी वाचवणं होतं.

ड्युटीवरची_ताई :
"कातडी" हा शब्द मागे घ्या. मी तेव्हा लेबर वॉर्डात होते, पीपीई किटच्या, म्हणजे अंगभर संरक्षक पोशाखाच्या आत घामाने निथळत, चष्म्यावर वाफ, शीर सापडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही एप्रिल २०२० मध्ये आई-बाळ वेगळं ठेवायलाच सांगितलं होतं, ते जुलैत बदललं. तुमच्या जावेचं बाळंतपण नेमकं या दोघांच्या मध्ये आलं. दोन खाटांत हातभर अंतर, शेजारची खोकतेय, तिथे दीड किलोचं बाळ ठेवू?

शिवडीची_धाकटी :
शेजारची खोकत होती तर तिची खाट हलवायची होती. आमचं बाळ तीन किलोचं होतं.

लालबागचे_काका :
सूनबाई मुंबईच्या नायर रुग्णालयात बाळंत झाली. एप्रिल २०२० मध्ये ते कोविडसाठी राखीव झालं, पुढे तिथे हजारावर पॉझिटिव्ह बायांची बाळंतपणं झाली. तिथल्या लोकांना दंडवत. पण ताईंचं मला पटतं. आमच्या खोलीत सात माणसं, संडास मजल्याला एकच. घरी आणून "अंतर ठेवा" म्हणजे काय, छपरावर बसू? बारसं पुढे ढकललं, काही बिघडलं नाही.

शिवडीची_धाकटी :
काका, बारसं पुढे ढकलता येतं हो. दूध नाही.

परळ_नाका :
तुम्ही दोघी भलतीकडेच भांडताय. आईकडून बाळाला लागण तशी कमीच होत होती. खरा धोका आईच्या फुप्फुसांना. गरोदरपणी हा आजार बळावला की बाळंतपण दिवस भरायच्या आधी, कधी बाळ पोटातच जातं. परळच्याच प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेच्या नोंदींवरून आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने) सांगितलेले आकडे : पहिल्या लाटेत लागण झालेल्या गरोदर आणि बाळंतिणींमध्ये मृत्यू ०.७ टक्के, दुसऱ्या लाटेत ५.७. लस देशात १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली, गरोदर बायांना परवानगी मिळाली २ जुलैला. दुसरी लाट तोवर ओसरत आली होती. राग काढायचा तर त्या साडेपाच महिन्यांवर काढा.

ड्युटीवरची_ताई :
लसीच्या चाचण्यांमध्ये गरोदर बाया घेतल्याच नव्हत्या. जानेवारीत मी टोचली असती आणि एखादीचं काही बिनसलं असतं, तर पहिला दगड माझ्याच घरावर आला असता.

परळ_नाका :
चाचण्यांत घेतल्या नाहीत ही त्या बायांची चूक होती का? निदान विचारायचं तरी. भावाची बायको एप्रिलमध्ये तीन लसीकरण केंद्रांवर जाऊन आली. "पोट दिसतंय, घरी जा."

ड्युटीवरची_ताई :
हे मात्र खरं. मीही अशा काही जणींना परत पाठवलंय.

शिवडीची_धाकटी :
ताई, कातडीचा शब्द मागे घेतला. बाकीचं नाही. जाऊ आता पुन्हा पाच महिन्यांची आहे. परवा नाव घालायला गेलो, तिने डॉक्टरांना फीच्या आधी विचारलं, "बाळ कुठल्या मजल्यावर ठेवता?"