पॅलेस्टिनी जनतेला पोलीस हवेत की नकोत? सर्वेक्षणाचे आकडे कसे वाचायचे?

नाशिकचा_अव्या

नमस्कार मंडळी. राज्यशास्त्रात एमए करतोय. सेमिनारला विषय आलाय: सुरक्षा दलं आणि न्यायव्यवस्था यांच्याबद्दल पॅलेस्टिनी लोकांचं मत. वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहरात खलील शिकाकी यांची जनमत चाचण्या घेणारी संस्था आहे, तिचे जुने अहवाल वाचून काढले आणि डोकं भणभणलं.

डिसेंबर २०२२ च्या चाचणीत ७२ टक्के लोक नाब्लुसच्या 'लायन्स डेन'सारख्या सशस्त्र गटांच्या बाजूने आहेत. ८७ टक्के म्हणतात, या गटांतल्या पोरांना अटक करायचा पॅलेस्टिनी प्राधिकरणाला, म्हणजे वेस्ट बँकेतल्या मर्यादित अधिकारांच्या पॅलेस्टिनी सरकारला, हक्कच नाही. ठीक. पण हीच माणसं दुसरीकडे तक्रार करतात की बंदुका बोकाळल्यात, भाऊबंदकीत गोळ्या झाडतात, पोलीस फिरकत नाहीत, कोर्टात केस वर्षानुवर्षं पडून राहते.

म्हणजे यांना पोलीस हवेत की नकोत? सर म्हणाले, "विरोधाभास आहे असं लिही आणि मोकळा हो." मला ते पटत नाहीये. इथे कुणी त्या भागात राहिलंय का?

ठोकताळा

असल्या चाचण्यांवर कसला विश्वास ठेवता राव? एका बाजूला गाझात हमास, दुसऱ्या बाजूला प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांचे गुप्तहेर. दारात टॅब घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला कोण खरं सांगेल? ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायली लष्कराने तर गाझातले आकडे हमासने फिरवले म्हणून कागदपत्रंच काढली होती. आधी ते बघा.

सीनाकाठ

अव्या, मी मूळची सोलापूरची. मध्ये काही वर्षं नोकरीनिमित्त रामल्लात होते. एका परदेशी संस्थेत सर्वेक्षणाची माहिती तपासायचं काम होतं, त्यामुळे हे आकडे आणि ते देणारी माणसं, दोन्ही जवळून पाहिली. जरा लांबण लागेल, चालवून घे.

ठोकताळा यांचं आधी उरकते. लष्कराच्या त्या दाव्यानंतर शिकाकींच्या संस्थेने आपली माहिती तपासली आणि फेरफाराची खूण सापडली नाही असं जाहीर केलं. ज्याला जे मानायचं ते मानावं. पण भीतीपोटी सगळे सरकारच्या बाजूचं बोलतात म्हणावं, तर दहातले आठ-आठ जण अध्यक्ष अब्बास यांनी राजीनामा द्यावा असं दारात उभं राहून सांगतात, त्याचं काय करायचं? प्राधिकरणाच्या कारभारात भ्रष्टाचार आहे म्हणणारे ८० टक्क्यांच्या वर असतात. आणि ते शिकाकी म्हणजे कुणाचे लाडके नव्हेत. २००३ साली निर्वासितांच्या परतीच्या प्रश्नावर न आवडणारे आकडे काढले म्हणून जमावाने त्यांच्या कार्यालयात घुसून मोडतोड केली होती, त्यांच्यावर अंडी फेकली होती.

आता तुझा प्रश्न. 'पोलीस' या एका शब्दाखाली तू चार-पाच वेगळी खाती एकत्र केली आहेस, तिथेच घोळ होतोय. निळ्या गणवेशातले नागरी पोलीस म्हणजे शुर्ता. वाहतूक, चोरी, मारामारी हे त्यांचं काम. लोक त्यांना शिव्याही घालतात आणि गाडी ठोकली की फोनही त्यांनाच करतात, आपल्याकडच्यासारखंच. 'विकाई' म्हणजे प्रतिबंधक सुरक्षा दल आणि 'मुखाबरात' म्हणजे गुप्तचर खातं, यांचं नाव मात्र आवाज खाली आणून घेतात. शिवाय राष्ट्रीय सुरक्षा दल, अध्यक्षांचे रक्षक वगैरे. इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ऑस्लो करारानंतर १९९४ पासून ही सगळी उभी राहिली. २००५ नंतर अमेरिकन जनरल कीथ डेटन यांच्या देखरेखीखाली त्यांची नव्याने बांधणी झाली. "डेटनची पोरं" हे टोमणे मी स्वतः ऐकलेत.

यांच्याबद्दल राग का, ते एका रात्री समजलं. चौकातल्या शवर्माच्या दुकानात उभी होते. समोर पोलिसांची जीप नेहमीसारखी लावलेली. जीपमधल्या माणसाला फोन आला, त्याने गाडी चालू केली आणि काही न बोलता निघून गेला. दुकानदाराने लगेच गॅस बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि मला म्हणाला, "पोलीस गेले ना, म्हणजे लष्कर येतंय. पळा घरी." कसलाही आवाज नव्हता अजून. थोड्याच वेळात इस्रायली जीपगाड्या आल्या, कुणाला तरी उचलून गेल्या, आणि त्या गेल्यावर पॅलेस्टिनी पोलीस परत जागेवर हजर. याला तिथे 'तन्सीक' म्हणतात, सुरक्षा समन्वय. ऑस्लो करारांनी वेस्ट बँकेचे अ, ब, क असे भाग पाडलेत, आणि हे शहर कागदोपत्री 'अ' क्षेत्रात, म्हणजे सुरक्षा पूर्ण पॅलेस्टिनींच्या हाती!

आता त्या दुकानदाराच्या जागी उभा राहून तुझे आकडे बघ. त्याला चोरापासून पोलीस हवेच आहेत. त्याला भीती मात्र दोन गोष्टींची: रात्रीचं लष्कर, आणि गावाकडे जैतुनाच्या बागेत शिरणारे वसाहतवाले, म्हणजे वेस्ट बँकेत वस्त्या करून राहिलेले इस्रायली. या दोन्हींपुढे त्याचे पोलीस बाजूला होतात, आणि जी पोरं लष्करासमोर बंदूक घेऊन उभी राहतात त्यांना पकडायला मात्र पुढे असतात. मग तो ८७ टक्क्यांत जातो. दुसऱ्या दिवशी लग्नात कुणीतरी हवेत गोळ्या झाडल्या की हाच माणूस "कायदा उरला नाही" म्हणतो. विरोधाभास कुठे आहे यात? ती पोरं बरोबर की चूक हा वाद वेगळा. माझं स्वतःचं त्याबद्दल मत फार चांगलं नाही.

क्षेत्रांचा नकाशा भिंतीवर लावच. 'क' क्षेत्र वेस्ट बँकेचं साधारण ६० टक्के, तिथे पॅलेस्टिनी पोलिसाला इस्रायलच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. वसाहतवाल्याने झाडं तोडली तर तक्रार इस्रायली पोलिसांत करायची, ठाणं बहुधा वसाहतीतच. कफ्र अकब नावाची वस्ती तर नमुनाच आहे. जेरुसलेम महापालिकेच्या हद्दीत, पण इस्रायलने बांधलेल्या विभाजक भिंतीच्या रामल्लाकडच्या अंगाला. लोक महापालिकेचा कर भरतात. इस्रायली पोलीस नेहमीच्या कामाला तिथे फिरकत नाहीत, पॅलेस्टिनी पोलिसांना शिरायचा अधिकार नाही. दहा-दहा मजली इमारती परवान्याशिवाय चिकटून उभ्या. तिथल्या माणसाला "पोलिसांवर विश्वास आहे का" विचारलं तर तो विचारतो, कुठल्या?

नागरिकांच्या रागाला २०२१ साली आणखी धार आली. निझार बनात हे प्राधिकरणाचे कडवे टीकाकार, रद्द झालेल्या निवडणुकीतले उमेदवार. २४ जूनच्या पहाटे हेब्रॉनमध्ये सुरक्षा दलाची माणसं घरात शिरली, त्यांना मारहाण करत घेऊन गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात रामल्लातल्या अल-मनारा चौकात निदर्शनं झाली तेव्हा साध्या वेशातल्या माणसांनी पत्रकार मुलींचे फोन हिसकावले, लोकांना बडवलं. सप्टेंबरच्या चाचणीत ६३ टक्क्यांनी सांगितलं की हे वरून आलेल्या हुकमाने झालं. चुकून झालं म्हणणारे २२ टक्के. चौदा जणांवर लष्करी न्यायालयात खटला भरला, आणि वर्षभरात ते कोठडीबाहेर आले. याहून न्यायव्यवस्थेबद्दलचं मत वेगळं काय विचारायचं?

नाशिकचा_अव्या

ताई, खूप आभार. कोर्टाचं जरा सविस्तर सांगाल का? लोक कोर्टात जात नाहीत, मग जातात कुठे?

सीनाकाठ

जातात, पण आधी दुसरीकडे जाऊन येतात. आमच्या घरमालकाच्या पुतण्याच्या गाडीखाली एक म्हातारे गृहस्थ गेले. पोराने काय करावं? सरळ पोलीस ठाण्यात जाऊन बसला. गुन्हा कबूल करायची घाई नव्हती, तिथे तो मृताच्या भावाबंदांपासून सुरक्षित होता. इकडे त्याच रात्री घरमालकाने चार वजनदार माणसं गोळा करून मृताच्या घरी धाडली आणि 'अत्वा' मागितली. तीन दिवस आणि एक तृतीयांश दिवस, एवढा वेळ कुणी कुणावर हात उचलायचा नाही. पुढे ती मुदत वाढवत नेतात.

शेवटी 'सुल्हा'चा, म्हणजे समेटाचा दिवस. गल्लीत मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्हीकडचे दोन-अडीचशे पुरुष. मला अर्थातच गच्चीवरून घरमालकिणीबरोबर बघायची परवानगी. पाहुण्यांपुढे कडू कॉफीचे छोटे कप ठेवले आणि समेट मान्य होईपर्यंत कुणीही हात लावेना. जाहा, म्हणजे मध्यस्थांचं मंडळ, त्यांचा म्होरक्या बोलत होता. मालकीणबाईंनी माझा दंड धरून ठेवलेला. मृताच्या घरातल्या वडीलधाऱ्याने "कॉफी घ्या" म्हटलं तेव्हा त्यांनी दंड सोडला. मंडपात गणवेशातला एक पोलीस अधिकारीही बसला होता, आणि सह्या झालेला कागद पुढे सरकारी वकिलाकडे गेला. हक्क सोडल्याचा कागद असेल तर न्यायाधीश शिक्षा कमी करतात. म्हणजे दोन व्यवस्था एकमेकींच्या खिशात हात घालून आहेत.

हे फार गोड मानून घेऊ नकोस. मागे मोठं घराणं असेल तरच हे चालतं. निर्वासितांच्या छावणीतल्या एकट्या बाईने जाहा कुठून आणायची? २०१९ मध्ये बैत साहूरच्या इस्रा घरीब या तरुणीचा घरच्यांच्या मारहाणीत मृत्यू झाला तेव्हा बायका रस्त्यावर आल्या होत्या, त्या याच कारणाने. प्रकरण घरातच मिटवू नका, कोर्टात न्या, ही मागणी होती.

आणि कोर्टाची अवस्था? वेस्ट बँकेत फौजदारी कायदा १९६० चा, जॉर्डनचा. गाझात १९३६ चा, ब्रिटिशांचा! जमिनीची नोंदणी जॉर्डनने सुरू केली होती, ती १९६८ मध्ये इस्रायली लष्करी हुकमाने थांबली, त्यामुळे निम्म्याहून अधिक जमिनीला धड उतारा नाही आणि बांधावरचे दावे संपत नाहीत. संसद २००७ पासून बंद पडलेली, २०१८ मध्ये विसर्जित. कायदे अध्यक्षांच्या फर्मानाने होतात. २०१९ मध्ये अब्बास यांनी उच्च न्यायिक परिषद बरखास्त केली, २०२२ मध्ये न्यायसंस्थांच्या नव्या सर्वोच्च परिषदेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. त्याच उन्हाळ्यात फर्मानांविरुद्ध वकील संपावर होते. त्यात इस्रायल पॅलेस्टिनींच्या वतीने गोळा केलेला कर अडवून धरतं, म्हणून २०२१ च्या अखेरपासून न्यायाधीश असो की शिपाई, पगार अर्धामुर्धाच.

अलिबागची_लेक

धागा वाचून राहवलं नाही. आम्ही बेने इस्रायली, माझी मामी इस्रायलमध्ये लोदला असते. अजून मराठीतच भांडते. लोदमध्ये अरबही राहतात, इस्रायलचे नागरिक. त्यांचं पोलिसांबद्दलचं गाऱ्हाणं बरोबर उलटं आहे. २०२३ मध्ये इस्रायलमधल्या अरब समाजात २४४ जण खून होऊन मेले, बहुतेक टोळ्यांच्या भांडणात. मामीची अरब शेजारीण उम्म-काहीतरी म्हणते, "आमच्यात खून झाला की पोलीस पंचनामा करून जातात, ज्यूंच्या गल्लीत झाला तर खुनी आठवड्यात सापडतो." मामीला हे आवडत नाही, पण खोटं आहे असंही म्हणत नाही. अव्या, हेही 'पॅलेस्टिनी जनमत'च ना?

सीनाकाठ

आहे, पण अव्या, ते एकाच तक्त्यात कोंबू नकोस. लोदच्या माणसाला त्या पोलिसांच्या मंत्र्याविरुद्ध मत देता येतं. रामल्लात शेवटची अध्यक्षीय निवडणूक २००५ ला झाली, संसदेची २००६ ला. गाझाचंही वेगळंच प्रकरण कर. युद्धापूर्वी तिथले लोक "सुरक्षित वाटतं" असं वेस्ट बँकवाल्यांपेक्षा जास्त संख्येने सांगायचे, हमासच्या पोलिसांच्या धाकाने का होईना. ऑक्टोबर २०२३ नंतर ते आकडे जुन्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही. अहवालाच्या शेवटी प्रश्नावली जशीच्या तशी छापलेली असते, ती आधी वाच. प्रश्नात 'पोलीस' आहे, 'सुरक्षा दलं' आहेत की 'प्राधिकरण', ते प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलने लिही आणि मग सरांकडे जा.