गॅरेजमधून आलेली गाडी आणि डगमगणारं चाक : तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात चारही टायर नवे घातले. तिसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या बाजूने टक-टक आवाज यायला लागला. वळताना वाढायचा, ब्रेकवर पाय ठेवला की सूर बदलायचा. मला वाटलं सस्पेन्शनचं काहीतरी असेल, बघू सवडीने. टायर आत्ताच बसवलेत, म्हणजे चाकावर संशय घ्यायचं कारणच नाही, असा माझा हिशोब. पाचव्या दिवशी स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं तेव्हा गाडी कडेला घेतली आणि चाकावरची प्लास्टिकची टोपी काढली. पाचपैकी एक नट गायब. दोन नट नुसत्या बोटांनी फिरले. उरलेले दोन कसेबसे धरून होते. रिमची भोकं घासून लांबट झालेली. रिम गेली आणि पाचही स्टड (नट ज्यांच्यावर चढतात ते आट्यांचे खिळे) बदलावे लागले. व्हीलपाना हे पाचही दिवस डिकीत पडून होता, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्याकडे असं काय घडलं? टायर फुटणं, खड्ड्यात रिम वाकणं हे इथे नको. चाक कुणीतरी काढून बसवलं आणि त्यानंतर बिघडलं, तेवढंच सांगा.

* * *

माझं नेमकं उलट. सर्व्हिसिंगनंतर सहा महिन्यांनी रात्री पंक्चर झालं. पाऊस, अंधार, आणि नट काही हलेना. पान्यावर उभा राहिलो, मग उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला 'खट्' झालं आणि मी खूश! खाली वाकून बघतो तर नट सैल झाला नव्हता, स्टडच मोडून नटासकट खाली पडला होता.

नंतर गणित मांडलं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नट आवळायचा जोर १०० न्यूटन-मीटर लिहिलाय. गाडीबरोबरचा पाना साधारण २५ सेंटीमीटर, म्हणजे टोकावर ४० किलोचा जोर. धडधाकट माणसाने हाताने दाबलं की झालं. सर्व्हिसिंगवाल्याने हवेच्या गनचा (हवेच्या दाबावर नट पिळणाऱ्या यंत्राचा) ट्रिगर धरून ठेवला असणार. गन थांबवेपर्यंत ती पिळत राहते, आणि तिला पुस्तिका वाचता येत नाही.

* * *

मी हेच काम करतो, म्हणून पलीकडची बाजू सांगतो. माझ्या हातून एकदा असं झालंय.

गाडी जॅकवर असताना आम्ही नट हलके लावतो, कारण चाक हवेत फिरतं, तिथे पूर्ण जोर लावता येत नाही. गाडी खाली उतरली की शेवटचं आवळायचं. त्या दिवशी जॅक उतरवला आणि तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली. परत आलो तेव्हा गाडी निघून गेली होती. फोन करकरून थांबवली. दोन किलोमीटरवर होती, काही झालं नाही. तेव्हापासून आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगीत खडूची रेघ मारतो, रेघ नटावरून रिमवर जाईल अशी. नट सरकला तर रेघ तुटलेली दिसते. मोठ्या ट्रकांच्या चाकांवर पिवळे प्लास्टिकचे बाण दिसतात ना, ते याच कामाचे.

लोकांना वाटतं गाडीचं वजन बोल्टवर लोंबकळत असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा, आणि त्या ताणाने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दाबून धरली जाते. भार पेलतं ते या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण. ताण कमी पडला की रिम सूक्ष्म सरकते, सरकली की भोक घासतं, घासलं की ताण आणखी कमी. धागाकर्त्यांच्या पाच दिवसांत हेच झालं. म्हणून चाक काढून बसवलं की ५० ते १०० किलोमीटरनंतर एकदा पाना लावून बघायचा. मध्ये गंज किंवा रंगाचा थर असेल तर तो चेपला जातो आणि नीट आवळलेला नटही ढिला पडतो.

* * *

वरच्या दादांना विचारायचं होतं : आमच्याकडचा मेकॅनिक स्टडला ऑइल लावतो, पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून. ते बरोबर ना?

* * *

नाही. हेतू चांगला आहे, पण नको. पान्यावर लावलेल्या जोरातला ढोबळमानाने दहावा हिस्साच स्टडला ताणतो, बाकी सगळा आट्यांमधल्या आणि नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो. तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच १०० न्यूटन-मीटरमध्ये स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतो. तारेचा ब्रश मारा, पुसा, बस. तेल कंपनीने सांगितलं असेल तरच.

* * *

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थडथडायचं. ब्रेकच्या डिस्क, म्हणजे पॅड ज्यांना चिमटतात त्या चकत्या, वाकल्या म्हणून बदलल्या. काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. पुन्हा बदलल्या! तिसऱ्या ठिकाणी एका वयस्कर कारागिराने डिस्क काढली, हबवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं : गंजाचा एक पापुद्रा, नखाएवढा. त्याच्यावरच दोन्ही वेळा नवी डिस्क बसवली होती. मग ती तिरकी फिरणार, दर फेरीला पॅडला एकाच जागी घासणार आणि तिथे झिजून पातळ होणार. तिरकेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असला तरी पुरतो म्हणे. त्यांनी हब घासून लख्ख केला, डिस्क बसवली आणि नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळले. आता दोन वर्षं झाली, स्टिअरिंग शांत आहे. आधीच्या चार डिस्क कदाचित ठणठणीतच होत्या, हा विचार मी शक्यतो करत नाही.

* * *

हौस म्हणून जुन्या बाजारातून अलॉय (मिश्रधातूच्या रिम) घेतले. बसवणाऱ्याने गाडीचे जुनेच नट वापरले. आठवड्याला नट सैल. आवळायचे, पुन्हा सैल. मग एकाने नट आणि रिमचं भोक शेजारी धरून दाखवलं. माझे नट निमुळते, शंकूसारखे, आणि रिममधली बैठक गोलाकार, वाटीसारखी. शंकू वाटीत टेकतो तो एका बारीक कडेवर. पान्याला घट्ट लागतो, पण धरत नाही. होंडाच्या मूळ चाकांना अशी गोल बैठक असते, बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूची. काहींना सपाट वायसरचा नट लागतो. तिन्ही एकाच डब्यात पडलेले असतात आणि आटे जुळले की लोकांना वाटतं जमलं.

आटेसुद्धा फसवतात. सुझुकीचे स्टड १२ मिलिमीटर जाडीचे आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, ह्युंदाईचे १२ चेच पण अंतर १.५. पहिले दोन वेढे हाताने जातात, पुढे गन जबरदस्तीने नेते. आट्यांचा भुगा होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, काय झटपट काम!

म्हणून माझा एकच हट्ट : प्रत्येक नटाचे पहिले चार-पाच वेढे माझ्यासमोर बोटांनी फिरवा. गन नंतर.

* * *

बाकीच्यांपुढे माझं किरकोळ आहे. टायरवर बाण होता, फिरण्याची दिशा दाखवणारा. चारपैकी दोन चाकांचे बाण मागे. माझ्या सात वर्षांच्या भाचीने विचारलं, "मावशी, ही चाकं मागे जायची आहेत का?" मी दोन महिने ती गाडी पावसात चालवत होते. असल्या टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायला कापलेल्या असतात, उलटे लावले की ते काम नीट होत नाही. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, टायर गोलच असतो की." बदलून दिले, पण तोंड वाकडं करून.

ज्यांच्या टायरवर बाण नसेल त्यांनी 'आउटसाइड' हा शब्द शोधा. असेल तर तो बाहेरून दिसला पाहिजे. आत गेला असेल तर टायर उलटा चढवलाय.

* * *

ताशी ९० ला थरथर, ७० ला काही नाही, ११० ला पुन्हा कमी. तीनदा बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) केलं. मशीन दरवेळी शून्य दाखवायचं, गाडी दरवेळी थरथरायची. चौथ्या ठिकाणी कळलं की आधीच्या दुकानात रिम मशीनवर चुकीच्या मापाच्या शंकूने (मधल्या भोकात बसतो त्या) धरत होते. रिमच मशीनवर मध्यावर नव्हती, मग शून्य कुठलं! आमच्यासमोर त्याने चाक सोडवलं, अर्धं फिरवून पुन्हा पकडलं, तर शून्याचे २५ ग्रॅम झाले. ही चाचणी कुणालाही मागता येते.

२०-२५ ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटायचं. पण ताशी १०० ला चाक सेकंदाला १४-१५ वेळा फिरतं आणि रिमच्या कडेचे २० ग्रॅम तेव्हा सुमारे ३ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, दर फेरीत सतत दिशा बदलत. स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढचं चाक, सीट थरथरली तर मागचं. आणि चिकटवायची वजनं धुळीवर चिकटवू देऊ नका, माझी दोन आठवड्यात पडली होती.

* * *

माझ्या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत. अलॉयसाठी लांब, स्टेपनीची लोखंडी रिम पातळ म्हणून तिच्यासाठी आखूड. आखूड बोल्ट स्टेपनीखाली पिशवीत असतात. रस्त्यात मदत करणाऱ्या भल्या माणसाने अलॉयचेच लांब बोल्ट लावले. निघालो, तर आतून खर्र-खर्र. बोल्टचं टोक हबमधून पलीकडे निघून ब्रेकच्या भागांना घासत होतं. त्या माणसाला दोष देत नाही, पिशवीचं मलाही माहीत नव्हतं.

* * *

चोर-नटाची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून वेगळ्या चावीनेच निघणाऱ्या नटाची) चावी गनला लावून फोडली. त्यांनी. नंतर तोंडावर म्हणाले, चावी आधीच खराब होती.

* * *

टायर काढताना लोखंडी पट्टी हवेच्या सेन्सरवर घातली. सेन्सर व्हॉल्व्हच्या मागे, रिमच्या आत असतो हे सांगूनसुद्धा. तेव्हापासून डॅशबोर्डवर पिवळा दिवा कायम. हवा खरंच कमी झाली तरी तो दिवा आता मला काही सांगू शकत नाही.

* * *

सगळे दुकानवाल्यांवर घसरलेत म्हणून माझं पाप कबूल करतो. चाक सैल झालं, मी दुकानात जाऊन भांडलो, चार लोक जमवले. दुकानदाराने शांतपणे नट हातात घेतला. उलटा होता. निमुळती बाजू बाहेर, सपाट बाजू रिमकडे. आणि मग मला आठवलं की मधल्या एका रविवारी ब्रेक पॅड बघायला चाक मीच काढलं होतं. दोन्ही बाजूंनी उघडे नट असले की हे सहज होतं. त्यांनी माफी मागायला लावली नाही, चहासुद्धा दिला. त्याने जास्तच मेल्यासारखं झालं.

* * *

धागाकर्ता पुन्हा. टॉर्कचा पाना आणला. ठरलेल्या जोराला पोचला की 'टक्' करतो, मग थांबायचं. हे पहिले दोन दिवस मला जमलं नाही, टक् झाल्यावरही सवयीने थोडं दाबायचो. वापरून झालं की त्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची, हे आमच्या मेकॅनिक दादांनी सांगितलं. बाकीची तीन चाकं तपासली. एक बरोबर होतं. उरलेल्या दोनांचे नट इतके आवळलेले की आधी लांब पाईप लावून सोडवावे लागले. म्हणजे एकाच दुकानात, एकाच दिवशी, एकाच गाडीवर सैल, बरोबर आणि अति, तिन्ही.

एक शंका राहिली. ती लांबट भोकांची रिम गॅरेजमध्ये पडून आहे. वेल्डिंग करून भोकं भरून देतो असं एकजण म्हणतोय. स्टेपनी म्हणून ठेवू का?

* * *

अजिबात नाही. तिथली बैठक पुन्हा तशी येत नाही, आणि उष्णतेने धातूची ताकद जाते ते वेगळंच. भंगारात द्या. पण देण्याआधी ग्राइंडरने एक काप मारा, आरपार. नाहीतर कुणीतरी घासूनपुसून, रंग देऊन तीच रिम विकायला ठेवेल, आणि वर जुन्या बाजारातून अलॉय घेणारे आपले मित्र आहेतच.