उपकेंद्रातील परिचारिकेला औषध लिहिण्याचा अधिकार द्यावा का, आणि द्यायचा तर कोणत्या शिक्षणानंतर?

धडगावकर (धागाकर्ता)

आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, हे नवे पद आले; पुढे या केंद्रांचे नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेल्या परिचारिका, तसेच बीएएमएस म्हणजे आयुर्वेदाचे पदवीधर, सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून या पदावर येतात. महाराष्ट्रात या पदांवर बीएएमएस मंडळी मोठ्या संख्येने आहेत, परंतु त्यांच्या औषध लिहिण्याचा वाद जुना आणि वेगळा असल्यामुळे येथे फक्त परिचारिकांविषयी बोलावे, अशी विनंती आहे.

रक्तदाबाचे वा मधुमेहाचे निदान आणि पहिली औषधयोजना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करायची आणि त्याच गोळ्या दरमहा सीएचओने द्यायच्या, अशी कागदावरची वाटणी आहे. प्रत्यक्षात सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावरून पन्नाशीची बाई डोके दुखते म्हणून उपकेंद्रात येते, दोनदा मोजूनही बीपी १७०/१०० भरतो, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जाणारी जीप सकाळीच निघून गेलेली असते आणि ई-संजीवनी या शासकीय ऑनलाइन सल्लासेवेवर डॉक्टरांशी बोलावे तर रेंज नसते. अशा वेळी तिला चिठ्ठी देऊन परत पाठवायचे, की कपाटात असलेली ॲम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी सुरू करायची, हे त्या परिचारिकेला एकटीने ठरवावे लागते. अनेक जणी गोळी सुरू करतात आणि रुग्णाच्या दृष्टीने बहुतेक वेळा ते योग्यही असते. मात्र त्या निर्णयाला कायद्याचा नीट आधार नाही आणि औषध निवडण्याचे पद्धतशीर शिक्षणही त्यांना मिळालेले नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ याच्या कलम ३२ मध्ये ‘सामुदायिक आरोग्य सेवादाता’ अशी तरतूद आहे. अशा व्यक्तीला प्राथमिक व प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेपुरती ठरावीक औषधे स्वतंत्रपणे आणि इतर बाबतीत नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली लिहिता येतील, असे ते कलम म्हणते. त्यात परिचारिकांचे नाव नाही. पात्रता ठरवण्याचे काम नियमांवर सोडले आहे. हा कायदा विधेयकाच्या रूपात संसदेत असताना, याच कलमासह त्यातील इतर तरतुदींविरुद्ध ३१ जुलै २०१९ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर चोवीस तासांचा संप केला होता.

माझे मत असे आहे की हा अधिकार परिचारिकांना स्पष्ट शब्दांत द्यावा; परंतु तो पदाबरोबर आपोआप मिळू नये. औषधांची छोटी यादी असावी, औषधयोजनेचे स्वतंत्र शिक्षण असावे, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शेजारी बसून काही महिने काम केलेले असावे आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच नोंदणीत तशी नोंद व्हावी. आज जे लपूनछपून आणि अंदाजाने चालते, ते शिकून आणि जबाबदारीने चालावे, एवढाच माझा आग्रह आहे.

स्टेथोस्कोप

मी ग्रामीण भागात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आहे आणि माझा या प्रस्तावाला विरोध आहे. परिचारिकांविषयी अनादर हे त्याचे कारण नाही. औषध लिहिणे ही निदानाची शेवटची पायरी आहे, तीच तेवढी सुटी करून शिकवता येत नाही, हे कारण आहे.

आपलेच उदाहरण घेऊ. बाई पन्नाशीची नसून अठ्ठावीस वर्षांची असेल, तर बीपी वाढलेला दिसताच पहिला प्रश्न ती गरोदर आहे का, हा असतो. तेथे टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध सुरू केले तर गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. गरोदर नसेल तर एवढ्या लहान वयात रक्तदाब का वाढला, मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे शोधावे लागते. पन्नाशीच्या बाईलाही बोलताना अडखळायला होत असेल किंवा एका हातात जोर कमी वाटत असेल, तर गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतेल. मशीनवर दिसणारा आकडा दोघींचा सारखाच असतो.

दुसरी चिंता प्रतिजैविकांची आहे. विषाणूजन्य तापाला आणि साध्या जुलाबाला प्रतिजैविके लिहिणारे आम्ही एमबीबीएस आणि एमडी डॉक्टरच थोडे नाही. त्यात लिहिणारे आणखी हजारो हात वाढवले तर औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची समस्या बिकटच होईल.

तिसरा मुद्दा न्यायाचा आहे. शहरातल्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टर आणि पाड्यावरच्या माणसाला प्रमाणपत्रधारक, अशी विभागणी एकदा कायद्यात बसली की रिकामी पदे भरण्याची निकड शासनाला उरत नाही. आसामने २००४ मध्ये कायदा करून तीन वर्षांची पदविका घेतलेले ग्रामीण आरोग्य व्यावसायिक उभे केले होते. तो कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्यामुळे अवैध ठरल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम केला. तीन वर्षे शिकलेल्यांची ही गत, आणि आपण येथे सहा महिन्यांवर काही महिने वाढवण्याची भाषा करतो आहोत.

उपकेंद्रताई

डॉक्टर, आपले प्रश्न योग्य आहेत आणि मी परिचारिका असल्यामुळेच ते मला पटतात. फक्त एक लक्षात घ्यावे की ते प्रश्न विचारायला आम्हांला कोणी नीट शिकवलेले नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत औषधशास्त्र असते, पण ते औषध देणाऱ्याच्या बाजूने शिकवले जाते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. हे औषध मुळात द्यावे का, न दिल्यास काय होईल, किती दिवसांनी पुन्हा पाहावे आणि केव्हा थांबवावे, हे लिहिणाऱ्याचे प्रश्न आहेत. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय कार्यक्रम, सर्वेक्षण आणि नोंदी यांतूनच वेळ उरत नाही.

एक साधी गोष्ट सांगते. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचे सिरप, दोन्ही बाटल्या लहान मुलांच्याच. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२५. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम लागते. म्हणजे थेंबांचे औषध एक मिलिलिटर पुरते आणि सिरप चार मिलिलिटरच्या आसपास द्यावे लागते. आईला ‘एक चमचा’ सांगितले आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जाते. म्हणून मी प्रत्येक आईला बाटली घेऊन यायला सांगते, ड्रॉपरवरच्या रेघेला पेनाने खूण करते आणि तिच्याकडून एकदा पाणी भरून दाखवून घेते. हे कोणत्याही तासाला शिकवलेले नव्हते. सुरक्षित औषधयोजनेचे शिक्षण म्हणजे माझ्या मते अशाच गोष्टींचे शिक्षण आहे आणि ते वर्गात बसून फारसे होत नाही.

आणखी एक बाजू कोणी मांडत नाही. आमच्या मोबदल्याचा काही भाग कामाच्या निर्देशांकांवर ठरतो आणि त्यांत बाह्यरुग्णांची संख्या मोजली जाते. रुग्णाला ‘औषधाची गरज नाही, पाणी भरपूर प्या’ असे सांगून पाठवले तर तो पुढच्या वेळी इंजेक्शन देणाऱ्या बोगस डॉक्टरकडे जातो. औषध न लिहिण्याच्या निर्णयालाही पाठबळ लागते.

लीड्सकर

मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये सामुदायिक परिचारिका आहे आणि औषध लिहिण्याची पात्रता घेतलेली आहे, म्हणून थोडे लिहिते.

येथे हा अधिकार एका दिवसात मिळाला नाही. घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांना मलमपट्टीच्या सामानासाठीसुद्धा डॉक्टरांच्या सहीची वाट पाहावी लागते, ही अडचण १९८६ च्या कम्बरलेज अहवालात मांडली गेली. १९९२ मध्ये कायदा झाला, १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी प्रयोग सुरू झाले आणि तेही अगदी मर्यादित यादीपुरते. पात्र परिचारिकांना जवळपास संपूर्ण औषधसूची २००६ मध्ये खुली झाली. प्रत्येक पायरीवर डॉक्टरांच्या संघटनांनी हरकती घेतल्या आणि त्या हरकतींमुळे प्रशिक्षण अधिक कडक झाले, ही चांगलीच गोष्ट झाली.

औषधशास्त्राच्या परीक्षेत किमान ८० टक्के गुण लागतात, पण मात्रेच्या आकडेमोडीत पूर्ण १०० टक्के. तेथे एक उत्तर चुकले तरी अनुत्तीर्ण. उपकेंद्रताईंनी दिलेले थेंबांचे उदाहरण वाचल्यावर हा नियम का आहे, ते वेगळे सांगायला नको. अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर काम करावे लागते आणि पात्र झाल्यावरही आपल्या कामाच्या क्षेत्राबाहेरचे औषध लिहायचे नसते. मी जखमांवर आणि जखमांच्या संसर्गावर लिहिते. अपस्माराच्या औषधाला हात लावत नाही.

मात्र एका फरकाकडे लक्ष वेधते. मी लिहिलेली चिठ्ठी औषधनिर्माता वाचतो आणि शंका आली तर फोन करतो. शक्यतो लिहिणारा आणि औषध देणारा एक नसावा, असा येथे दंडक आहे. आपल्या उपकेंद्रात औषधनिर्माता नसतो. तेथे तपासणारी, लिहिणारी आणि गोळ्या मोजून देणारी एकच व्यक्ती असते. ही दुसरी नजर कुठून आणायची, याचे उत्तर दिल्याशिवाय इंग्लंडचा दाखला देऊ नये, असे मला वाटते.

वैनगंगा

दुसऱ्या नजरेविषयी गडचिरोलीत काय झाले, ते पाहावे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार ३९ गावांमधील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. त्या आरोग्यदूतांच्या नोंदी पर्यवेक्षक गावात येऊन तपासत असत. पुढे २०१४ मध्ये केंद्र शासनाने एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातील साहाय्यकारी परिचारिकांना, हेच इंजेक्शन देण्याची ठरावीक परिस्थितीत मुभा दिली. पदवीधर परिचारिकेला ॲम्लोडिपिन लिहू देताना आपण इतके का घाबरतो?

स्टेथोस्कोप

गडचिरोलीच्या कामाविषयी मला नितांत आदर आहे, पण त्यातून आपण काढता तो निष्कर्ष निघत नाही. तेथे एक आजार होता, ठरलेली लक्षणे होती, ठरलेले औषध आणि वजनानुसार ठरलेली मात्रा होती. त्याला मी मार्गदर्शिकेनुसार उपचार म्हणेन. अनेक शक्यतांमधून एक औषध निवडणे ही वेगळी गोष्ट आहे. छत्तीसगडमध्ये ग्रामीण वैद्यकीय सहायक नेहमीच्या आजारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे ठरले, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे, आणि ते मी नाकारत नाही. परंतु त्यांचे शिक्षण तीन वर्षांचे होते.

मार्गदर्शिकेपुरता अधिकार आपण मागत असाल तर माझा विरोध बराच कमी होतो. तापाला पॅरासिटामॉल, जुलाबाला ओआरएस आणि झिंक, श्वास मोजून न्यूमोनियाला ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक, गरोदरपणात लोहाच्या गोळ्या, आणि धोक्याची लक्षणे नसलेल्या, वय व गर्भावस्था तपासलेल्या रुग्णाला रक्तदाबाची पहिली गोळी देऊन ठरलेल्या मुदतीत डॉक्टरांची भेट. यापलीकडे नाही.

धडगावकर

मी ‘छोटी यादी’ म्हटले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर जवळपास हेच होते, त्यामुळे सुरुवात येथून करायला माझी हरकत नाही. लीड्सकर यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की उपकेंद्रात सुरू केलेल्या प्रत्येक नव्या औषधाचा केसपेपर आठवड्याच्या आत वैद्यकीय अधिकाऱ्याने पाहावा आणि त्यावर दोन ओळींचा शेरा लिहावा. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्मात्याने महिन्याच्या बैठकीत प्रतिजैविकांचा हिशेब उपकेंद्रनिहाय मांडावा. ज्या उपकेंद्रात खोकल्याच्या रुग्णांमागे ॲमॉक्सिसिलिन जास्त जाते, तेथे जाऊन श्वास कसा मोजला जातो, घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजतात की अंदाजाने, हे बघावे. परिचारिकेसाठी हेच सततचे प्रशिक्षण ठरेल.

स्टेथोस्कोप

सपाटीवर तीस हजार आणि आदिवासी भागात वीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्याखाली पाच-सहा उपकेंद्रे. ओपीडी, प्रसूती, शवविच्छेदन, बैठका हे सगळे सांभाळून केसपेपर कोण वाचणार? आणि जेथे वैद्यकीय अधिकाऱ्याचे पदच रिक्त आहे, तेथील परिचारिकांचा अधिकार आपण स्थगित ठेवणार का? याचे उत्तर ‘नाही’ असेल तर देखरेख ही अट फक्त शासन निर्णयात राहील.

धडगावकर

स्थगित ठेवावा लागेल. देखरेखीशिवाय अधिकार द्यावा, असे मी म्हणू शकत नाही.

उपकेंद्रताई

मला हे मान्य नाही. पद रिक्त आहे तेथेच लोकांना आमची सर्वांत जास्त गरज असते आणि आपल्या नियमाने नेमक्या त्याच गावांतून गोळी काढून घेतली जाईल. केसपेपर वाचायला त्याच केंद्राचा डॉक्टर कशाला हवा? ग्रामीण रुग्णालयातील किंवा जिल्हा रुग्णालयातील एका डॉक्टरकडे ठरावीक उपकेंद्रे नेमून द्यावीत, फोटो काढून पाठवलेला कागदही चालावा आणि या वाचनाचे तास त्यांच्या कामात धरावेत. त्यासाठी पैसे लागतील. शासन ते देणार नसेल, तर तसे त्याने उघडपणे सांगावे.