शब्दचर्चा: सहसंबंध

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी संख्याशास्त्राची टिपणे मराठीत लिहिते आहे. ‘कोरिलेशन’साठी, म्हणजे दोन राशी एकमेकींबरोबर कशा बदलतात यासाठी, ‘सहसंबंध’ हाच शब्द सगळीकडे दिसतो, म्हणून तोच घेतला. सरावाच्या एका उदाहरणाखाली मी असे लिहिले: ‘झोपेच्या तासांचा चुकांशी नकारात्मक सहसंबंध आहे (गुणांक −०.७), म्हणजे या दोन गोष्टी व्यस्त प्रमाणात आहेत.’ वाचणाऱ्या दोघांनी दोन वेगळे अर्थ काढले. एकीला वाटले, झोपेमुळे चुका कमी होतात हे सिद्ध झाले. दुसऱ्याला वाटले, झोप दुप्पट केली की चुका निम्म्या. शब्द चुकला की वाक्य?

प्रतिसाद १

शब्द चांगला आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८८ साली ही कल्पना मांडली, तेव्हा इंग्रजी शब्दही ‘को-रिलेशन’ असा मध्ये रेघ देऊन लिहिला होता. म्हणजे अक्षरशः सह-संबंध. उंची आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतची लांबी अशी शरीराची मापे त्यांच्यासमोर होती. उंच माणसाचा हात सहसा लांब असतो, पण हातामुळे उंची येत नाही आणि उंचीमुळे हातही नाही. दोन्हींमागची काही कारणे समाईक असतात, असाच खुलासा त्यांनी केला. आज आपण जो गुणांक काढतो त्याचे सूत्र संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये दिले.

घोटाळा ‘संबंध’ या अर्ध्यामुळे होतो. रोजच्या मराठीत ‘याचा त्याच्याशी संबंध आहे’ म्हटले की ऐकणारा लगेच कारण शोधतो. शिकवताना मी भर ‘सह’वर देतो.

प्रतिसाद २

मला ‘व्यस्त प्रमाण’ जास्त खटकले. शाळेत शिकलेल्या व्यस्त प्रमाणात दोन राशींचा गुणाकार स्थिर असतो, एक दुप्पट झाली की दुसरी नेमकी निम्मी. तुमच्या दुसऱ्या वाचकाने शब्दाचा बरोबर अर्थ लावला, शब्दच चुकीच्या जागी होता. ऋण सहसंबंध एवढेच सांगतो की एक चल (बदलणारी राशी) सरासरीच्या वर असताना दुसरा बहुधा सरासरीच्या खाली असतो. तो ‘बहुधा’ किती पक्का, हे −१ ते +१ मधला आकडा सांगतो.

आणि ‘नकारात्मक’ नको, ‘ऋण’ म्हणा. ‘सकारात्मक’, ‘नकारात्मक’ या शब्दांना हल्ली चांगल्या-वाईटाचा वास येतो. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्यातला सहसंबंध ‘सकारात्मक’ आहे, हे वाक्य वाचून पाहा. धन आणि ऋण ही निव्वळ चिन्हे आहेत, त्यांत शाबासकी नाही.

प्रतिसाद ३

या कल्पनेसाठी मराठीत आयती वाक्यरचना आहे: जसजसे… तसतसे, जितके… तितके. विद्यार्थ्याला सूत्राआधी हे वाक्य द्यावे. फक्त त्यात ‘सहसा’ घालावे, कारण ‘जसजसे’ प्रत्येक पावलाचे वचन देते आणि सहसंबंध एकंदर कल सांगतो.

तरी खरी कसोटी शब्दयोगी अव्ययांची. ‘मुळे’ लिहिले की कारण आले, ‘बरोबर’ लिहिले की फक्त सोबत. आगीच्या ठिकाणी जितके जास्त बंब, तितके नुकसान सहसा जास्त. बंबांबरोबर नुकसान वाढलेले दिसते, बंबांमुळे नव्हे. दोन्ही वाढवते ती आगीची व्याप्ती. हे उदाहरण मी वर्गात नेहमी देते. ‘मुळे’ आणि ‘बरोबर’ फळ्यावर शेजारी लिहिले की मुलांचे चेहरे बदलतात.

शिवाय ‘अ-चा ब-शी सहसंबंध’ या रचनेत अ कर्ता वाटतो. गुणांक मात्र कोणताही चल आधी घेतला तरी तोच येतो. म्हणून ‘अ आणि ब यांच्यातील सहसंबंध’ असे लिहावे.

प्रतिसाद ४

एक भर. ‘सहसंबंध शून्य’ म्हणजे ‘संबंध नाही’ असेही लिहू नका. क्ष च्या किमती −२, −१, ०, १, २ घ्या आणि य म्हणजे क्ष चा वर्ग: ४, १, ०, १, ४. य पूर्णपणे क्ष वरून ठरतो, तरी गुणांक शून्य! हा गुणांक फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो, म्हणून ‘रेषीय’ हे विशेषण पाठात निदान एकदा तरी यायलाच हवे. संख्याशास्त्रज्ञ फ्रँक अँस्कम यांनी १९७३ मध्ये चार आकडेसंच दिले. चारही संचांत गुणांक सुमारे ०.८१६, पण आलेख काढले तर एकात बिंदू रेषेभोवती विखुरलेले, एकात स्वच्छ वक्र, आणि एकात तर एकाच दूरच्या बिंदूने सगळा सहसंबंध उभा केलेला. आधी आलेख, मग आकडा.

०.७ ला ‘७० टक्के सहसंबंध’ म्हणणेही टाळा. टक्क्यांत बोलायचेच तर वर्ग करावा लागतो, ०.४९. म्हणजे एका चलाच्या प्रचरणापैकी (किमतींच्या विखुरलेपणाच्या मापापैकी) ४९ टक्के भाग दुसऱ्या चलावरच्या सरळ रेषेने सांगता येतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असे बदलले आहे: ‘या उदाहरणात झोपेचे तास आणि चुकांची संख्या यांच्यात ऋण रेषीय सहसंबंध दिसतो (गुणांक −०.७). झोप जितकी जास्त, तितक्या चुका सहसा कमी. झोपेमुळे चुका कमी झाल्या का, हे या आकड्यावरून ठरत नाही.’ वर बिंदूंचा आलेखही टाकते आहे. ‘सहसा’ ठळक अक्षरांत ठेवू का?

प्रतिसाद ३ लिहिणारी

ठेवा. आणि शेवटच्या वाक्यातला ‘मुळे’सुद्धा.